सबसिडी : दान की देणे?

(गावातील वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका निवृत्त शिक्षकाने दिलेले भाषण)



शब्दाच्या व्युत्पत्तीवर व्याख्यान आहे असे ऐकले की श्रोत्यांच्या मनात थोडी धास्ती उत्पन्न होते, आणि ती अगदीच अनाठायी असते असे माझ्यासारख्या आयुष्यभर इंग्रजी शिकविणाऱ्या मास्तराने म्हणू नये. परंतु आजचा विषय मी कोशातून उचललेला नाही. तो माझ्या ओसरीवर आला. आमच्या शेजारचे एक वृद्ध शेतकरी ठिबक सिंचनाचा अर्ज घेऊन माझ्याकडे आले होते. अर्ज इंग्रजीत होता. मी एकेक रकाना वाचून दाखवीत होतो आणि ते माहिती सांगत होते. मध्येच त्यांनी मला थांबविले आणि विचारले, “मास्तर, या कागदात धा ठिकाणी सबसिडी सबसिडी लिहिलंय. ती म्हणजे नेमकं काय वो? दान म्हणायचं, का देणं म्हणायचं?”

मी म्हणालो, “आप्पा, सबसिडी म्हणजे अनुदान.” ते हसले आणि म्हणाले, “ते मलाबी ठावं हाय. माझा सवाल त्यो न्हवं.”

त्यांचे म्हणणे खरे होते. मी एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द ठेवला होता. प्रश्न होता तेथेच राहिला होता. दान घेणाऱ्याची मान खाली असते; देणे वसूल करणाऱ्याची मान ताठ असते. अर्ज भरताना आपली मान कशी असावी, एवढेच त्या गृहस्थांना जाणून घ्यावयाचे होते. त्या दिवशी मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधण्याचा जो प्रयत्न मी नंतर केला, तोच आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम इंग्रजीत हा शब्द कसा वापरतात ते पाहू. एखाद्या कार्यासाठी पैसा पुरविणे या एकाच क्रियेला इंग्रजीत निदान पाच शब्द आहेत, आणि आपण मराठीत ते सरसकट एकाच मापाने मोजतो. ‘फंड’ हा शब्द लॅटिनमधील तळ, पाया या अर्थाच्या शब्दापासून आला; संस्कृतातील ‘बुध्न’ हा त्याचा दूरचा भाऊबंद. म्हणून एखादे काम फंड करणे म्हणजे त्याच्या खाली पैशाचा पाया घालणे. ‘फायनान्स’ याच्या मुळाशी शेवट हा अर्थ आहे. हिशेब संपविणे, देणे चुकते करणे यातून तो निघाला, आणि आजही फायनान्स केलेला पैसा बहुधा व्याजासह परत करावा लागतो. ‘ग्रँट’ याचे मूळ विश्वास ठेवणे या अर्थाच्या धातूत आहे, ज्याचे आपल्याकडील नाते ‘श्रद्धा’ या शब्दाशी पोहोचते. ग्रँट मागावी लागते, आणि वरच्याने ती मंजूर करावी लागते. ‘स्पॉन्सर’ म्हणजे मुळात प्रतिज्ञा करणारा; ख्रिस्ती बालकाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी त्याच्या वतीने वचन देणारा धर्मपिता तो स्पॉन्सर. आज तो पैसे देतो आणि मोबदल्यात मांडवावर आपले नाव लावतो.

राहिली सबसिडी. तिचे वैशिष्ट्य असे की ती संपूर्ण खर्च उचलीत नाही. वस्तूची जी किंमत पडते आणि घेणाऱ्याला जी परवडते, या दोहोंमधील खिंडार ती बुजविते. वाचनालयाची इमारत कोणी बांधून दिली तर तिला सबसिडी म्हणत नाहीत. वाचनालयाची वर्गणी शंभर रुपये पडत असता सभासदाकडून चाळीस घेतले आणि साठ दुसऱ्याने भरले, तर त्या साठांना सबसिडी म्हणतात. आप्पांच्या अर्जातही हेच होते. केंद्राच्या 2015 साली आखलेल्या सूक्ष्म सिंचन योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकाला ठरलेल्या खर्चाच्या 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के असे प्रमाण ठेवले होते. उरलेली रक्कम शेतकऱ्याने घालावयाची, अथवा राज्याने आपल्या पदरची भर टाकावयाची.

व्याकरणाच्या दृष्टीनेही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. इंग्रजीत या शब्दाचे क्रियापद होते, आणि त्या क्रियापदाला कर्ता लागतो. म्हणजे कोणीतरी कोणाला तरी सबसिडाइझ करतो. परंतु व्यवहारात हे क्रियापद बहुधा विशेषण होऊन येते: सबसिडाइज्ड धान्य, सबसिडाइज्ड खत, सबसिडाइज्ड वीज. विशेषण झाले की कर्ता पडद्याआड जातो. मराठीत तर आपण याहून पुढे गेलो आहोत. आपण म्हणतो, ‘सबसिडी मिळाली’, ‘सबसिडी जमा झाली’, ‘सबसिडी सुटली’. जणू काही ती पावसासारखी आभाळातून पडते! कोणी दिली, कोणाच्या पैशातून दिली, हे वाक्यात कोठेच येत नाही. सीमेपलीकडे आणि अलीकडे नित्य कानावर पडणाऱ्या कन्नडात याला ‘सहायधन’ म्हणतात. त्या शब्दात निदान साहाय्याचा भाव तरी स्पष्ट आहे. आपल्या ‘अनुदान’ शब्दात ‘दान’ बसलेले आहे, आणि आप्पांना तेच खटकत होते.

आता या शब्दाची जन्मकथा ऐका. ती सुरू होते रोमन सैन्याच्या छावणीत. लॅटिनमध्ये ‘सब्सिडियम’ म्हणजे राखीव फौज. रोमन सैन्याच्या पहिल्या दोन फळ्या शत्रूवर चालून जात, आणि तिसरी फळी, अनुभवी व जुन्या शिपायांची, मागे गुडघा टेकून बसून राही. पुढील दोन्ही फळ्या मोडल्या तरच ती उठे. ‘सब्’ म्हणजे खाली, जवळ, मागे. आणि ‘सेदेरे’ म्हणजे बसणे. आपल्या संस्कृतातील ‘उप’ आणि ‘सद्’ हीच ती दोन अक्षरे. ज्या धातूपासून गुरूच्या पायाशी बसून मिळविलेल्या ज्ञानाला ‘उपनिषद्’ हे नाव पडले, त्याच धातूपासून पश्चिमेकडे संकटात उठून येणाऱ्या सैनिकांना ‘सब्सिडियम’ हे नाव पडले. शब्दाचा मूळ अर्थ असा उदात्त आहे: अडचणीच्या वेळी पाठीशी असलेले बळ. त्यात पैसा नाही आणि भीकही नाही.

पैसा या शब्दात शिरला तो इंग्लंडात, आणि तेथे देणाराघेणारा यांची जोडी आजच्या अगदी उलट होती. इंग्लंडच्या राजाला युद्धासाठी वा अन्य निकडीसाठी पैसा हवा असला की पार्लमेंट त्याला जमिनीवर आणि मालमत्तेवर बसविलेला एक विशेष कर मंजूर करी. त्या कराला सबसिडी म्हणत. म्हणजे सबसिडी देणारी प्रजा आणि घेणारा राजा! 1628 साली पहिल्या चार्ल्स राजाला द्रव्याची निकड होती. पार्लमेंटने पाच सबसिड्या देऊ केल्या, पण त्याबरोबर हक्कांचा अर्ज पुढे ठेवला: पार्लमेंटच्या संमतीवाचून कर वा सक्तीचे कर्ज घेऊ नये, कारण दाखविल्यावाचून कोणास तुरुंगात टाकू नये. राजाला त्या अर्जाला संमती द्यावी लागली. सबसिडी देणाऱ्याला अटी घालण्याचा अधिकार असतो, हा धडा इंग्रजांनी आपल्या राजालाच त्या वर्षी शिकविला. तो धडा ते विसरले नाहीत, हे आपल्याला पुढे फार महागात पडले.

त्यानंतर या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला. एका राज्याने दुसऱ्या राज्याला युद्धात मदत व्हावी म्हणून दिलेला पैसा तोही सबसिडी. सात वर्षांच्या युद्धात, 1758 च्या एप्रिलात झालेल्या करारान्वये, इंग्लंडने प्रशियाच्या फ्रेडरिक राजाला सालिना 6 लाख 70 हजार पौंड देण्याचे ठरविले. इंग्लंडचा पैसा आणि जर्मन शिपायांचे रक्त, असा तो हिशेब होता. तेथे पैसा देणारा बलवान आणि घेणारा त्याच्या कामाचा.

हाच शब्द जहाजात बसून हिंदुस्थानात आला आणि येथे त्याने आपले रूप पालटले. शाळेत आपण सर्वजण ‘तैनाती फौज’ हा शब्द शिकलो. मूळ इंग्रजी शब्द ‘सबसिडियरी फोर्स’ असा आहे. पुष्कळांना वाटते की सबसिडियरी म्हणजे दुय्यम, साहाय्यक. वस्तुतः त्याचा अर्थ ‘जिच्यासाठी सबसिडी द्यावी लागते ती फौज’ असा आहे. मराठी भाषांतरकारांनी ‘तैनाती’ हा शब्द योजला तो समर्पकच आहे. परंतु त्यात फौज दिसते आणि पैसा दिसत नाही, आणि खरे मर्म पैशातच होते. फौज कंपनीची, तिचे सेनापती कंपनीचे, तिने कोठे जावे व कोणावर गोळी झाडावी हे ठरविणार कंपनी. आणि पगार मात्र संस्थानिकाच्या तिजोरीतून. सबसिडी देणाऱ्याला अटी घालण्याचा अधिकार असतो हा जो नियम इंग्रजांनी स्वतःच्या राजाला लागू केला, तो त्यांनी येथे पार उलटा केला. येथे पैसा देणाराच बांधला गेला आणि घेणारा धनी झाला.

हैदराबादच्या निजामाने 1798 साली सुमारे 24 लाख रुपयांची वार्षिक सबसिडी कबूल केली. दोन वर्षांनी, 1800 मध्ये, फौज वाढली आणि रोख रकमेऐवजी मुलूख मागण्यात आला. म्हैसूरच्या युद्धांत निजामाला जो प्रदेश मिळाला होता तो सगळा त्याने कंपनीच्या हवाली केला. बळ्ळारी, अनंतपूर, कडप्पा हा भाग त्यातच गेला. म्हैसूरच्या दरबारावर 1799 च्या तहाने सालिना 7 लाख पॅगोडा, म्हणजे होन, इतकी सबसिडी बसली. अयोध्येच्या नवाबाचे सुमारे निम्मे राज्य 1801 साली याच शब्दाच्या पोटात गडप झाले. आणि 31 डिसेंबर 1802 रोजी वसईच्या तहावर दुसऱ्या बाजीरावाने सही केली: 6 हजारांहून कमी नाही एवढे पायदळ, आणि त्याच्या खर्चासाठी 26 लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख. पंधरा वर्षांनी काय घडले हे येथे सांगावयास नकोच. ज्या फौजेच्या पगारासाठी पेशव्याने मुलूख तोडून दिला, तीच पुण्याची तैनाती फौज जनरल स्मिथच्या हाताखाली 17 नोव्हेंबर 1817 रोजी पुण्यात शिरली. आपल्या पराभवाची किंमत आपणच आगाऊ भरली होती, आणि तिचे नाव होते सबसिडी.

येथे शब्दाच्या नात्यातील एक विलक्षण योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. तैनाती फौजेबरोबर दरबारात कंपनीचा एक वकील येऊन बसत असे. त्याला ‘रेसिडेंट’ म्हणत. त्या शब्दाच्या पोटातही तोच ‘सेदेरे’ धातू आहे: ठाण मांडून बसणारा. सबसिडी आणि रेसिडेंट ही एकाच कुळातील सख्खी भावंडे. एक तिजोरीत बसले, दुसरा दरबारात. आपल्याकडे ‘बसणे’ या क्रियापदाचा असा अनुभव दुसरा कोणी दिला नसेल!

निजामाची कथा तर येथेच संपली नाही. तैनाती फौजेखेरीज त्याच्यावर कंटिन्जंट नावाची आणखी एक फौज पोसण्याचा भार आला. पगार थकला, थकबाकीचे कर्ज झाले, आणि त्या फौजेच्या खर्चापोटी 1853 साली वऱ्हाड प्रांत कंपनीच्या ताब्यात गेला. 1902 साली तो वार्षिक 25 लाख रुपयांच्या बोलीवर कायमचाच इंग्रजांकडे राहिला. अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ या आजच्या जिल्ह्यांचा इतिहास अशा एका न फिटलेल्या पगाराच्या वहीत लिहिलेला आहे.

यानंतर शब्दाने चौथे वळण घेतले आणि तो आजच्या अर्थापाशी आला. एकोणिसाव्या शतकात वाफेच्या जहाजांनी टपाल नेण्यास आरंभ झाला. केवळ प्रवाशांच्या भाड्यावर ही जहाजे चालणे कठीण, म्हणून ब्रिटिश सरकार टपालाच्या कंत्राटाच्या रूपाने कंपन्यांना ठराविक वार्षिक रक्कम देऊ लागले. सॅम्युएल क्युनार्ड याला 1839 साली अटलांटिकवरील टपालाचे असेच कंत्राट मिळाले. येथे प्रथमच चित्र आपल्या ओळखीचे दिसू लागते: देणारे सरकार, घेणारा खाजगी धंदा, आणि कारण सांगितले जाते ते सार्वजनिक हिताचे. ध्यानात ठेवा, सरकारी सबसिडीचा हा आरंभीचा मोठा मानकरी गरीब शेतकरी नव्हता. तो जहाजांचा मालक होता.

हा सर्व इतिहास एका दृष्टिक्षेपात पाहिला तर काय दिसते? शब्द एकच, परंतु कधी प्रजेने राजाला दिले, कधी बलवानाने कामकऱ्याला दिले, कधी दुबळ्याने धन्याला दिले, आणि कधी सरकारने भांडवलदाराला दिले. घेणारा लाचार असतोच असे नाही, आणि देणारा उदार असतोच असेही नाही. शब्दाच्या चेहऱ्यावरून व्यवहाराची नीती ओळखता येत नाही. ती ओळखण्यासाठी व्यवहारच उलगडून पाहावा लागतो.

आता आजच्या व्यवहाराकडे या. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरड धान्य 1 रुपया किलो असा दर ठरविला. 1 जानेवारी 2023 पासून तेच धान्य विनामूल्य देण्यात येऊ लागले. दुकानात लोक त्याला ‘फुकट’ म्हणतात. परंतु अंदाजपत्रकात त्याचे नाव ‘अन्न सबसिडी’ असेच आहे. हा पैसा जातो कोठे? तो शिधापत्रिकाधारकाच्या हाती येत नाही. शेतकऱ्याकडून धान्य हमीभावाने विकत घेणे, ते साठविणे, वाहून नेणे, यात जो खर्च होतो आणि विक्रीतून जो परत मिळत नाही, तो त्यातून भागविला जातो.

युरियाचेही तेच. 2018 पासून 45 किलोच्या पिशवीची कमाल किंमत, कर आणि कडुनिंबाच्या लेपाचा आकार वगळून, 242 रुपये अशी बांधलेली आहे. कारखान्याचा खर्च याहून पुष्कळच अधिक येतो, आणि तो फरक सरकार खत तयार करणाऱ्या वा आणणाऱ्या कंपनीला देते. स्वस्त पिशवीचा लाभ शेतकऱ्याला होतो हे खरेच. परंतु सबसिडीचा धनादेश कंपनीच्या खात्यात पडतो हेही तितकेच खरे. तरी आपण नित्य ऐकतो काय? ‘शेतकऱ्यांना केवढी सबसिडी देतात!’ वाक्यातून कंपनी नाहीशी होते आणि शेतकरी एकटा उभा राहतो.

विजेच्या बाबतीत ‘क्रॉस सबसिडी’ असा एक शब्द आहे. 2003 च्या वीज कायद्यातही तो आला आहे. कारखान्याकडून आणि दुकानदाराकडून खर्चाहून अधिक दर घ्यावयाचा आणि शेतीपंपाला वा गरिबाच्या घराला कमी दराने वीज द्यावयाची, हा त्याचा अर्थ. येथे सरकार मध्ये नसले तरी चालते. एक ग्राहक दुसऱ्या ग्राहकाचे बिल भरतो, आणि पुष्कळदा दोघांनाही त्याची वार्ता नसते.

आणि आता शब्दांच्या राजकारणातील खरी खोच पाहा. गरिबाला मिळते ती सबसिडी. मोठ्या उद्योगाला मिळते ते ‘इन्सेंटिव्ह’, म्हणजे प्रोत्साहन. 2006-07 च्या अंदाजपत्रकापासून केंद्र सरकार, करसवलतींमुळे किती महसूल सोडून दिला, याचे एक विवरणपत्र प्रसिद्ध करू लागले. प्रारंभी त्याचे नाव ‘सोडलेला महसूल’ अशा अर्थाचे होते. काही वर्षांनी ते बदलून ‘करप्रोत्साहनांचा महसुलावरील परिणाम’ अशा अर्थाचे करण्यात आले. 2020 साली उत्पादनाच्या प्रमाणात उद्योगांना पैसे देण्याची जी योजना निघाली, तिच्या नावातही ‘इन्सेंटिव्ह’ हाच शब्द आहे. अशा योजना वाईट आहेत असे मी म्हणत नाही. देशात कारखाने उभे राहावयास हवेतच. माझे म्हणणे एवढेच की दोन्हींकडे पैसा सार्वजनिक तिजोरीचाच आहे. परंतु मराठीत सबसिडी ‘लाटतात’. प्रोत्साहन कोणी लाटल्याचे मी अद्याप वाचलेले नाही. नावाचा फरक झाला की क्रियापदही बदलते, आणि क्रियापद बदलले की माणसाची अब्रू बदलते.

जागतिक व्यापार संघटनेच्या दालनात तर या शब्दाच्या व्याख्येवर राष्ट्रांचे झगडे चालतात. 1995 पासून अमलात आलेल्या शेतीविषयक करारानुसार विकसनशील देशाने एखाद्या पिकाला दिलेला आधार त्या पिकाच्या उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांपर्यंत क्षम्य मानला जातो. पण हा आधार मोजावयाचा कसा? आजचा हमीभाव घ्यावयाचा आणि तो 1986 ते 1988 या काळातील आंतरराष्ट्रीय किमतीशी ताडून पाहावयाचा! मध्यंतरी मजुरी वाढली, डिझेल वाढले, बियाणे वाढले. परंतु तुलनेची किंमत जागची हलली नाही. त्यामुळे शेतकऱ्याला जो भाव मिळतो त्यातील मोठा हिस्सा कागदावर सबसिडी ठरतो. 2018-19 मध्ये भारताची तांदळाची मर्यादा या गणिताने ओलांडली गेली, आणि 2013 साली बाली येथे ठरलेल्या संरक्षक कलमाचा आश्रय भारताला घ्यावा लागला. एका शब्दाची व्याख्या कोण करतो, याला केवढे महत्त्व आहे ते यावरून ध्यानात यावे.

मग प्रश्न असा की या वहीला दुसरी बाजू आहे की नाही? आहे, आणि ती महाराष्ट्रातूनच ठळकपणे मांडली गेली. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी ‘उणे सबसिडी’ हा शब्द प्रचारात आणला. त्यांचा युक्तिवाद सोपा होता. निर्यातीवर बंदी घालून, लेव्ही लावून, आयात करून जर शेतमालाचा भाव बाजारात मिळाला असता त्याहून खाली ठेवला, तर तो फरक शेतकऱ्याने ग्राहकाला दिला असे होते. खताच्या पिशवीवर त्याला चार पैसे मिळाले आणि धान्याच्या पोत्यावर दहा गेले, तर एकूण हिशेबात सबसिडी देणारा तोच. 8 डिसेंबर 2023 रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली आणि ती 2024 च्या मे महिन्यात उठली. त्या काळात ज्याने पडत्या भावाने कांदा विकला, त्याने शहरातील स्वयंपाकघराला सबसिडीच दिली. तिचा आकडा कोणत्याही अंदाजपत्रकात नाही, आणि तिच्यासाठी कोणाला इंग्रजीत अर्जही करावा लागला नाही.

आपण न्यायाने बोलले पाहिजे. सबसिडी म्हटली की ती पवित्रच, असे मुळीच नाही. 2010 साली स्फुरद आणि पालाश खतांची पद्धत बदलली, त्यांचे भाव चढले, पण युरिया बांधीव किमतीतच राहिला. परिणामी नत्राचा मारा वाढला आणि जमिनीच्या पोषणाचा तोल बिघडला. पंजाबात शेतीला मोफत वीज मिळाली आणि भूजल खोल खोल जात राहिले. शहरातील कित्येक सुखवस्तू घरे स्वयंपाकाचा गॅस वर्षानुवर्षे सवलतीत जाळीत होती. 2015 साली ती सवलत स्वेच्छेने सोडण्याचे आवाहन झाले तेव्हा एक कोटीहून अधिक लोकांनी ती सोडली. याचा अर्थ इतकाच की औषध म्हणून सुरू केलेली गोष्ट अन्न होऊन बसते, आणि तिची गरज संपली तरी ती संपत नाही. रोमन सैन्यातील ती तिसरी फळी संकटात उठे आणि संकट सरले की पुन्हा बसे. आपल्याकडील कित्येक सबसिड्या एकदा उठल्या त्या उठलेल्याच राहिल्या, आणि कित्येक जेथे उठावयास हव्या होत्या तेथे बसूनच आहेत.

म्हणून हा शब्द वर्तमानपत्रात, कचेरीत किंवा सभेत कानावर पडला की त्याला तीन प्रश्न विचारावेत अशी माझी आपणा सर्वांना विनंती आहे. पहिला, पैसा निघतो कोणाच्या खिशातून? दुसरा, तो शेवटी पोहोचतो कोणाच्या खात्यात? आणि तिसरा, त्याबरोबर हुकूम कोणाचा चालतो? वसईच्या तहाला हे तीन प्रश्न विचारले तर त्याची परीक्षा क्षणात होते. आजच्या कोणत्याही योजनेला विचारले तरी होते. चार्ल्स राजाला प्रजेने हेच विचारले, म्हणून तेथे सबसिडीतून हक्क जन्मास आले. बाजीरावाने ते विचारले नाहीत, म्हणून येथे सबसिडीतून पारतंत्र्य जन्मास आले.

आता आप्पांचे उत्तर. गेल्या आठवड्यात त्यांचा अर्ज घेऊन मी पुन्हा बसलो तेव्हा त्यांना म्हणालो, “आप्पा, तुम्ही काडेपेटी घेता, साबण घेता, डिझेल घेता, त्या प्रत्येकावर कर भरता. तुमच्या पिकाचा भाव सरकारने कधी बांधला, कधी रोखला, तेव्हा जे गेले ते निराळेच. त्या साऱ्यातून तिजोरी भरते, आणि तिजोरीतून ही रक्कम येते. तेव्हा हे दान नव्हे. मात्र हे नुसते देणेही नव्हे. कारण त्यात शेजाऱ्याचाही पैसा आहे, तेव्हा पाणी जपून वापरण्याचे तुमचेही काही देणे लागते.”

आप्पा क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी अर्ज आपल्याकडे ओढून घेतला, चष्मा नाकावर चढविला आणि म्हणाले, “मग अंगठा कशाला? सहीच करतो की.” आणि थरथरत्या हाताने, पण पूर्ण नाव लिहून, त्यांनी सही केली.